मुंबईतली जुनी कबरस्तानं: कुठे आहेत, कशी पाहायची, दगड कसे वाचायचे

मुंबईत मृतांना कायम गावाच्या कडेला जागा मिळाली. ही कड मात्र एका जागी राहिली नाही. कोटाबाहेर वस्ती गेली, खाड्या बुजवल्या, रेल्वे आली, समुद्र मागे हटवला गेला आणि कालची वेस आज भर गर्दीत आली. त्यामुळे शहरातली जुनी कबरस्तानं काळाच्या क्रमानं नकाशावर मांडली, की मुंबई कोणत्या वर्षी कुठवर होती ते कळतं. आत शिरून शिळा वाचता आल्या, तर इथे कोण राहत होतं, कुठून आलं होतं आणि कशानं गेलं, हेही कळतं. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. थोडी पूर्वतयारी, चार-पाच कालगणनांची बेरीज-वजाबाकी आणि दगडाविषयीचं प्राथमिक ज्ञान एवढं पुरतं.

सरकत गेलेली वेस

इंग्रजांची मुंबईतली पहिली दफनभूमी मेंढम्स पॉइंट या ठिकाणी होती, आजच्या रिगल चौकाच्या आसपास. 17व्या शतकात ते कोटाबाहेरचं टोक होतं. त्या काळी युरोपातून आलेला माणूस इथे दोन पावसाळे काढेल तेवढंच त्याचं आयुष्य, असं इंग्रज लोकच म्हणत. दफनभूमी झपाट्यानं भरली यात नवल नाही. पुढे किल्ल्याची तटबंदी मजबूत करताना ती काढून टाकली आणि 1760 च्या सुमारास दफनं सोनापूरला होऊ लागली. मेंढम्स पॉइंटची आज जमिनीवर खूणही उरलेली नाही, म्हणून तिथे काही शोधायला जाऊ नका.

सोनापूर म्हणजे आजच्या मरीन लाइन्स स्टेशनच्या पूर्वेचा पट्टा. तेव्हा तो बॅक बेच्या वाळूला लागून होता. इंग्रजांची दफनभूमी, मुसलमानांचं कबरस्तान आणि हिंदूंचं स्मशान तिथे जवळजवळ होतं. आज बडा कबरस्तान आणि चंदनवाडीचं स्मशान शेजारी शेजारी दिसतात, ते त्याच जुन्या रचनेमुळे. हिंदू स्मशान शिवडीला हलवायचा सरकारचा बेत होता. नाना शंकरशेट यांनी त्याला ठाम विरोध केला आणि स्मशान जागेवर राहिलं. गिरगावातल्या माणसाला आजही अंत्ययात्रा पायी नेता येते, त्यामागे हा लढा आहे.

इंग्रजांची दफनभूमी मात्र हलली. 1861 नंतर अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, माणसं लोटली आणि सोनापूर अपुरं पडू लागलं. शिवाय कबरींतून निघणाऱ्या दूषित हवेनं रोग पसरतात, अशी त्या वेळच्या डॉक्टरांची पक्की समजूत होती. समजूत चुकीची होती, पण तिच्यामुळे जगभरातल्या शहरांनी दफनभूम्या वस्तीपासून लांब नेल्या. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी 1865 मध्ये शिवडीची जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली. आधी तिथे ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. तेव्हाची शिवडी म्हणजे बेटाची पूर्वेची चिखलट किनारपट्टी, शहरापासून पुरेशी दूर. आज तिला लागून परळ-लालबागची वस्ती आहे.

एकाच दिवशी एकच दफनभूमी पाहायची असेल तर शिवडी निवडावी. दीडशेहून जास्त वर्षांचा सलग थर तिथे आहे आणि पंथांनुसार विभाग असल्यामुळे फरक समोरासमोर दिसतात. व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स (मृत्यू 1900) इथे आहेत. गेटवे ऑफ इंडियाचे जॉर्ज विटेट (मृत्यू 1926) इथेच. टिळकांचे सहकारी, होमरूल चळवळीतले आणि पुढे मुंबईचे महापौर झालेले जोसेफ 'काका' बाप्टिस्टा (मृत्यू 1930) यांचीही कबर इथे आहे. बाप्टिस्टांच्या आधी दहा वर्षं, 1920 मध्ये, खुद्द लोकमान्यांचं दहन मात्र नेहमीच्या स्मशानात झालं नाही. गिरगाव चौपाटीच्या वाळूवर खास परवानगीनं ते झालं, आणि तिथे आज त्यांचा पुतळा आहे.

बाकीच्या जागा थोडक्यात. चिंचपोकळीची ज्यू दफनभूमी एलियास डेव्हिड ससून यांनी मुलगा जोसेफच्या स्मरणार्थ 1878 मध्ये दिली. बगदादी ज्यूंची मोठी घराणी तिथे आहेत. त्यांचे मूळ पुरुष डेव्हिड ससून मात्र तिथे सापडणार नाहीत. ते 1864 मध्ये पुण्यात वारले आणि त्यांची समाधी कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात आहे. माझगावला हसनाबादमध्ये पहिल्या आगाखानांचा (मृत्यू 1881) मकबरा आहे. अँटॉप हिलला चिनी दफनभूमी आहे. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीतले पारशी दोखमे (मृतदेह गिधाडांसाठी ठेवायचे गोल मनोरे) 1670 च्या दशकापासूनचे, म्हणजे मेंढम्स पॉइंटच्याच काळातले. तेव्हा ती टेकडी रानात होती. पारशी नसलेल्यांना दोखम्यांकडे प्रवेश नाही आणि तो मागूही नये. तिथली अडचण वेगळीच आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं, मेलेलं जनावर खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशभर गिधाडं जवळपास संपली. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण मुंबईत गिधाडं परतली नाहीत. त्यामुळे दोखम्यांवर सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले.

इंग्रजांच्या आधीचं पाहायचं असेल तर शहराच्या उत्तरेला जा. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चच्या छप्पर नसलेल्या सभागृहात पायाखाली पोर्तुगीज थडग्यांच्या शिळा आहेत, काहींवर घराण्यांची मानचिन्हं आहेत. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्यामुळे या शिळा त्याआधीच्या. त्याहून जुनं म्हणजे बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ. दहन करणाऱ्या समाजाची कबर नसते, स्मारकशिळा असते. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई आणि मरण, मग वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा. एकसरच्या शिळांवर वल्ह्यांच्या जहाजांच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत. समुद्रावर मेलेल्यांचं मुंबई परिसरातलं इतकं स्पष्ट जुनं चित्र दुसरं नाही.

दिशा आणि आकार

शब्द वाचण्याआधी कबर कोणत्या दिशेला आहे ते पाहा. ख्रिस्ती परंपरेत डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला असतात. शिवडीत ही रीत सगळीकडे पाळलेली नाही, कारण रस्ते आणि जागेची टंचाई आड आली. मुसलमानांच्या कबरींत मात्र दिशा चुकत नाही. मुंबईहून मक्का पश्चिमेला येते, म्हणून मृताला उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेकडे आणि डोकं उत्तरेकडे करून ठेवतात. त्यामुळे कबर नेहमी उत्तर-दक्षिण लांब असते. घडीव दगडाच्या जुन्या कबरीवर वर लांबट उंचवटा असेल तर तो कलमदान, म्हणजे पुरुषाची कबर. सपाट पाटीसारखा भाग असेल तर ती तख्ती, म्हणजे स्त्रीची. साध्या आणि अलीकडच्या कबरींना हा नियम लावू नका.

ज्यू कबरींवर आशीर्वाद देणारे दोन पंजे कोरलेले असतील तर तो कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातला. पाण्याची झारी असेल तर लेवी, म्हणजे मंदिरसेवकांच्या घराण्यातला. कबरीवर कुणी ठेवलेले खडे उचलू नका. ती भेट देऊन गेलेल्यांची खूण असते.

युरोपीय थडग्यांवरची चिन्हं ठरावीक असतात. मोडलेला खांब म्हणजे अकाली मृत्यू, उलटी मशाल म्हणजे विझलेलं आयुष्य, वस्त्र पांघरलेला कलश म्हणजे शोक. बंदराच्या शहरात हमखास होणारी चूक जहाजाच्या नांगराबाबतची. नांगर दिसला की लोक दर्यावर्दी समजतात. ख्रिस्ती चिन्हांत नांगर आशेचा असतो आणि तो शिक्षकाच्या किंवा तान्ह्या मुलाच्या शिळेवरही असतो. जहाजाचं नाव किंवा हुद्दा लिहिलेला असेल तरच खलाशी म्हणा. मुंबईतल्या गल्लीबोळांत, विशेषतः वांद्रे-गिरगावात दिसणारे रस्त्यावरचे क्रूसही कबरी नाहीत. 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. त्यानंतरच्या साथीत लोकांनी रक्षणासाठी असे बरेच क्रूस उभारले.

अक्षरं आणि आकडे

18व्या शतकातल्या इंग्रजी शिळांवर शब्दाच्या मध्ये येणारा एस लांब असतो आणि तो एफसारखा दिसतो. नावं चुकीची उतरवली जातात ती बहुतेक यामुळे. संक्षेप पाठ असले तर काम सोपं होतं. एच.ई.आय.सी.एस. म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी, म्हणजे शिळा बहुधा 1858 च्या आधीची. एन.आय. म्हणजे देशी पायदळ पलटण. जी.आय.पी.आर. म्हणजे 1853 मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू करणारी रेल्वे कंपनी. आय.एच.एस. ही माणसाच्या नावाची आद्याक्षरं नव्हेत, ती येशूच्या ग्रीक नावातली पहिली तीन अक्षरं. 'रिलिक्ट' म्हणजे विधवा. 'कॉन्सॉर्ट' लिहिलं असेल तर पत्नी गेली तेव्हा नवरा हयात होता. 'वयाच्या 34व्या वर्षी' असं लिहिलं असेल तर पूर्ण झालेली वर्षं 33 असतात. जन्मसाल काढताना ही एक वर्षाची चूक सर्रास होते.

पोर्तुगीज शिळा 'सेपुल्तुरा दे' (अमक्याची कबर) किंवा 'आकी जाझ' (इथे विसावला आहे) अशी सुरू होते. पुढे 'ए दे सेउस एर्देइरोस' आलं, तर जागा त्याच्या वारसांचीही आहे. म्हणजे एका नावाच्या शिळेखाली अनेक पिढ्या असू शकतात.

ज्यू शिळेवर सहसा वर पे आणि नून ही दोन हिब्रू अक्षरं असतात, 'इथे पुरलेले' या अर्थी. शेवटी पाच अक्षरांचा संक्षेप येतो, त्याचा अर्थ 'त्याचा आत्मा जीवनाच्या बंधात गुंफलेला राहो'. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या शिळांवर हिब्रूच्या जोडीला मराठी मजकूर असतो, देवनागरीत. मराठी वाचकाला या शिळा थेट वाचता येतात, तरी त्या पाहायला फार थोडे जातात याची खंत वाटते. त्या परंपरेचं मूळ पाहायचं असेल तर अलिबागजवळ नवगावला जावं. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांना तिथे पुरलं, अशी समाजाची श्रद्धा आहे आणि तिथे स्मारक आहे.

आता साल. एकाच शहरात पाच-सहा कालगणना असल्यामुळे लोक इथे अडखळतात. 1880 हे एकच साल धरून पाहू. शक असेल तर 78 मिळवा: 1802 अधिक 78 म्हणजे 1880. विक्रम संवत असेल तर 57 वजा करा: 1937 वजा 57. पारशी स्मारकांवर, पाणपोयांवर किंवा अग्यारीच्या पाटीवर यझ्दगर्दी साल असतं, त्यात 630 मिळवा: 1250 अधिक 630. हिब्रू साल पूर्ण लिहिलं असेल तर 3760 वजा करा: 5640 वजा 3760. हजाराचा आकडा गाळून 640 एवढंच लिहायची पद्धत फार, तेव्हा 1240 मिळवा. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बदलतं, म्हणून त्यापुढच्या डिसेंबरपर्यंतच्या तारखांना आणखी एक वर्ष कमी करा. हिजरी वर्ष चांद्र आणि सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे नुसती बेरीज चालत नाही. आकड्याला 0.97 नं गुणा आणि 622 मिळवा: 1297 चे 1258, अधिक 622 म्हणजे 1880. एक वर्ष पुढेमागे होऊ शकतं, महिना माहीत असेल तर पंचांगावरून नक्की करा. काही फारसी-उर्दू शिळांवर आकडाच नसतो. शेवटच्या ओळीतल्या अक्षरांची अबजद पद्धतीनं किंमत करून बेरीज घेतली की साल निघतं. तसं दिसलं तर ओळ जशीच्या तशी फोटोत घ्या आणि जाणकाराला दाखवा, अंदाज करू नका.

समुद्राची हवा दगडाचं काय करते

मुंबईतल्या शिळा तीन-चार प्रकारच्या दगडांच्या आहेत आणि प्रत्येकाचं दुखणं निराळं आहे. स्थानिक काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, पावसाला दाद देत नाही, पण त्यावर बारीक अक्षर कोरणं कठीण. म्हणून काळ्या दगडाच्या थडग्यात मजकुरासाठी बहुधा वेगळी संगमरवरी पाटी बसवलेली असते. पाटी चोरीला गेली किंवा गळून पडली की कबर निनावी होते. शिवडीत रिकाम्या चौकटी दिसतात त्या अशाच.

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि ते पृष्ठभाग हळूहळू विरघळवतं. हात फिरवला की साखरेसारखी रवाळ भुकटी लागते. अशा दगडावर ब्रश लावायचा नाही, कारण एका घासण्यात अक्षराची उरलेली कडही जाते. पुष्कळ संगमरवरी पाट्यांवर अक्षरं शिशाची असतात. शिसं गळून पडलं तरी वाचायची वाट उरते. प्रत्येक अक्षरात शिसं धरून ठेवायला बारीक भोकं पाडलेली असतात, आणि त्या भोकांची मांडणी पाहून अक्षर ओळखता येतं. झिलई केलेला आयात ग्रॅनाइट 19व्या शतकाच्या उत्तरार्धात आला. तो दीडशे वर्षांनंतरही नवा दिसतो, म्हणून नुसत्या दिसण्यावरून शिळेचं वय ठरवू नका.

वालुकाश्म आणि चुनखडी सच्छिद्र असतात. खारट ओल जमिनीतून आणि हवेतून छिद्रांत शिरते. पावसाळा संपला की पाणी सुकतं, मीठ मागे राहतं, त्याचे स्फटिक छिद्रात वाढतात आणि वरचा पापुद्रा सुटतो. हे चक्र दर वर्षी होतं. शिळेच्या तळापासून दीड-दोन फुटांवर दगड सर्वात जास्त झडलेला दिसतो, कारण जमिनीतली ओल साधारण तिथवर चढते. याच कारणानं सिमेंटची डागडुजी घातक ठरते. सिमेंट ओल कोंडतं, स्वतःचे क्षार सोडतं आणि मूळ दगडापेक्षा कडक असल्यामुळे दगडच फुटतो. चुन्याचा गारा, साधारण एक भाग चुना आणि तीन भाग वाळू, मऊ असतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. दरवर्षी दोन नोव्हेंबरपूर्वी (हा ख्रिस्ती मृतात्म्यांचा स्मरणदिन) कुटुंबं प्रेमानं कबरींना ऑइलपेंट लावतात. त्यानंही ओल आत अडकते आणि रंगाबरोबर दगडाची साल निघते. चुना फासणं कितीतरी बरं.

लोखंडाचं गणित आणखी वाईट. क्रूस आणि शिळांचे तुकडे आतून लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले असतात. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि दगड आतून चिरतो. तांबूस डागाच्या रेषेत भेग दिसली तर आत पट्टी आहे असं समजा. आडव्या शिळा मधोमध खचतात त्याचं कारण वेगळं: खालची लाकडी पेटी कुजते, माती बसते आणि पावसाळ्यात पाणी भरून ती आणखी खाली जाते. वड-पिंपळाचं रोप फटीत आलं असेल तर ते उपटू नये. मुळं आत पसरलेली असतात आणि ओढताना सांधाच सुटतो. ते छाटून कार्यालयाला कळवणं योग्य.

जाताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात जमीन भुसभुशीत होते, खचलेल्या कबरी गवतात दिसत नाहीत, साप निघतात आणि जुन्या झाडांच्या फांद्या पडतात. पूर्ण बुटं घाला. आडव्या शिळांवर पाय देऊ नका. आदराचा प्रश्न आहेच, पण खाली पोकळी असू शकते. कललेल्या उभ्या शिळेला टेकू नका. एक मीटर उंच, साठ सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर जाड संगमरवरी शिळेचं वजन सुमारे 160 किलो भरतं, आणि ती पडताना सूचना देत नाही.

प्रत्येक ठिकाणी आधी कार्यालयात किंवा रखवालदाराकडे जा. काय पाहायचं आहे ते सांगा, फोटोची परवानगी वेगळी विचारा. कबरस्तानांत स्त्रियांच्या प्रवेशाची रीत जागोजागी निराळी आहे, तेही आधी विचारलेलं बरं. दोन नोव्हेंबरला ख्रिस्ती दफनभूम्या आणि शब-ए-बारातच्या रात्री कबरस्तानं कुटुंबांनी भरतात. त्या दिवशी माणसांचे फोटो काढू नका. दफन चालू असेल तर बाजूला थांबा, कॅमेरा पिशवीत ठेवा. ज्यू दफनभूमीतून निघताना हात धुण्याची रीत आहे. दाराजवळ पाण्याची सोय असते ती त्यासाठी.

पुसट अक्षर वाचायचं खरं साधन म्हणजे तिरपा उजेड. ऊन शिळेला जवळजवळ समांतर असेल तेव्हा अक्षराची खोबण सावलीनं भरते. समोरून पडणारा उजेड किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश सगळं सपाट करतो. मुंबईत उत्तरेकडे तोंड असलेल्या शिळेवर वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. तिथे दीड-दोन फूट लांबीचा आरसा वापरा: एकानं उन्हात उभं राहून प्रकाशाचा पट्टा शिळेच्या कडेकडून फेकायचा, दुसऱ्यानं समोरून फोटो घ्यायचा. आरशाचा कोन हळूहळू बदलत चार-पाच फोटो घेतले की एका फोटोत न दिसलेलं अक्षर दुसऱ्यात उमटतं. आरसा नसेल तर संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च शिळेच्या कडेला टेकवून धरा.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, पावडर किंवा शेव्हिंग क्रीम घासण्याचा सल्ला जुन्या लेखांत सापडतो. तो पाळू नका. खडू दगड खरवडतो आणि पिठावर बुरशी वाढते. कागद ठेवून कोळशानं ठसा घेणंही झिजलेल्या दगडाला सोसत नाही. शेवाळ काढायचंच असेल आणि परवानगी असेल, तर फक्त साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश. आधी बोटानं हलकं ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर थांबा. ब्रश खालून वर न्या, म्हणजे घाण पाणी कोरड्या दगडावर ओघळून डाग पडत नाहीत. संडास साफ करायचं ॲसिड संगमरवरावर टाकलं की तो फेसतो. तो फेस घाणीचा नसतो, दगडच विरघळत असतो.

विशिष्ट कबर शोधायची असेल तर

कबरस्तानाची नोंदवही नावानं लावलेली नसते, तारखेनं असते. म्हणून मृत्यूचं साल, जमल्यास महिना, आणि चर्च किंवा जमात माहीत असल्याशिवाय कार्यालयात जाण्यात अर्थ नाही. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या दफननोंदींच्या प्रती कंपनीच्या काळापासून लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या एन/3 या मालिकेत आहेत आणि बराच भाग ऑनलाइन शोधता येतो. त्यात भर प्रोटेस्टंटांवर आहे. ईस्ट इंडियन (मूळ मुंबईकर) किंवा गोवेकर कॅथलिक कुटुंबांसाठी मूळ पॅरिशची वहीच पाहावी लागते. नावांची वर्णलेखनं तीन-चार तऱ्हांनी करून पाहा. फर्नांडिस, फर्नांडेझ आणि फर्नांडेस हे एकाच घरातले निघू शकतात.

आणि कबर सापडलीच नाही तर? मुंबईत हे अपवादानं होत नाही, नियमानं होतं. कायमची विकत घेतलेली जागा सोडली तर कबर पुन्हा वापरली जाते. कॅथलिक दफनभूमीत साधारण दोन वर्षांनी हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात, म्हणजे निशमध्ये, ठेवतात किंवा हाडांसाठीच्या सामाईक विहिरीत टाकतात. तेव्हा भिंतीवरच्या छोट्या पाट्या वाचल्याशिवाय परतू नका. कबरस्तानांत त्याच मातीत नवं दफन होतं. जुहूच्या कबरस्तानातली मधुबाला आणि मोहम्मद रफी यांची थडगी 2010 मध्ये जागेअभावी काढली गेली. मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानात नर्गिस, सुरैया आणि मेहबूब खान आहेत. चाहत्यांना हे निर्दय वाटतं. पण पक्क्या थडग्यांनी जमीन अडली तर उद्याच्या मृताला जागा कुठली, हा व्यवस्थापकांचा प्रश्नही तितकाच खरा आहे, आणि कबर साधी ठेवावी ही धार्मिक शिकवणही त्यांच्या बाजूनं आहे. म्हणूनच फोटोच्या रूपानं नोंद ठेवणं तातडीचं आहे.

एका मोठ्या गटाला तर कबर मुळातच नाही. पहिल्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या 2,000 हून जास्त भारतीय खलाशांचं स्मारक मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे 6,500 खलाशांची नावं असलेली नोंदवहीही तिथेच आहे. जहाजांवर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची माणसं फार होती. कोकणातल्या एखाद्या घरात 'बोटीवर गेला तो आला नाही' एवढीच आठवण उरली असेल, तर शोध इथून सुरू करावा.

नोंद करताना प्रत्येक कबरीचे चार फोटो घ्या: पूर्ण शिळा, मजकूर जवळून, पायथ्याशी असलेलं कारागिराचं नाव, आणि शेजारच्या दोन कबरींसह आसपासची जागा. मजकूर ओळीप्रमाणे जसाच्या तसा उतरवा. चुकीचं लेखन सुधारू नका, न वाचलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाज वेगळ्या ओळीत लिहा. तुटलेला तुकडा उचलून भलत्या कबरीवर ठेवू नका, तो मूळ कुठला हे कायमचं हरवतं. आहे तिथे फोटो काढून कार्यालयाला दाखवा. फाइलला दफनभूमी, विभाग, रांग, नाव आणि साल या क्रमानं नाव द्या, मोबाइलमधलं स्थान चालू ठेवा आणि एक प्रत त्या दफनभूमीच्या कार्यालयात देऊन ठेवा.